अडुळशाचा काढा

"अहो, किती खोकताय!" फोनवर शालन म्हणाली.

मी खोकलोच नव्हतो.

कुणालाच चोरून ऐकता येणार नाही असा स्वस्त फोन आमची प्रयोगशाळा सरकारसाठी बनवत होती. तो मंजूर होईपर्यंत मात्र देखरेख समितीचा माणूस आम्ही तिथून दर रविवारी घरी केलेले फोनच ऐकायचा. हे घरी सांगायला बंदी होती.

"जरा हवा बदललीय," मी म्हणालो.

"अडुळशाचा काढा घ्या, मध घालून. दुखणं अंगावर काढू नका."

"घेतो."

पुढच्या रविवारी तिचा आवाज खुलला होता. "बघा, आज एकदाही खोकला नाहीत! लागू पडला ना काढा?"

"पडला," मी म्हणालो आणि कान देऊन बसलो. तो खोकत होता, तोवर निदान लाईनवर आहे एवढं तरी कळायचं.