दुपारची झोप

बाबागाडीतलं बाळ रडायला लागलं आणि आसावरी जागच्या जागी थांबली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कोपनहेगनच्या या उपनगरातली माणसं दुपारी अडीच वाजता कुठे जातात, देव जाणे. ओळीने बुटकी विटांची घरं, नीट कातरलेली कुंपणं, भिंतीला टेकवलेल्या सायकली. आणि एका घराच्या दाराबाहेर ही उंच चाकांची काळी बाबागाडी.

"आसावरी, चल ना यार, प्लीज," सिद्धेश दबक्या आवाजात म्हणाला. "कुणी पाहिलं तर कॉप्सना कॉल करतील."

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत बारा वर्षं काढलेल्या माणसाची ही भीती. तिकडे मूल असं बाहेर एकटं ठेवलं, तर आधी शेजारीच फोन फिरवतात. पण इथे बाळांना दुपारी मोकळ्या हवेतच झोपवतात, अगदी थंडीतसुद्धा, असं सकाळच्या शहर-सहलीत गाइडने सांगितलं होतं. सहलीतल्या बाकीच्या बायका नवलाने हसल्या. आसावरी हसली नाही. "मला ते बंदर नको आणि तो जलपरीचा पुतळा नको," ती म्हणाली. "ट्रेनने कुठेतरी लांब जाऊ. जिथे लोक राहतात तिथे." ताकाला जाऊन भांडं लपवत होती. तिला ती बाहेर झोपलेली बाळं बघायची होती, हे सिद्धेशला कळलं होतं, पण नको म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

कॉन्फरन्स त्याची होती. आसावरी चार वर्षांत पहिल्यांदाच घराबाहेर पडायला तयार झाली होती. या ट्रिपमध्ये तिला सगळं सांगून टाकायचं, असं त्याने विमानातच ठरवलं होतं. आज पाचवा दिवस उजाडला होता आणि अजून त्याचं तोंड उघडलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी त्यांची मुलगी इला सात महिन्यांची होती. रविवारची दुपार होती. ती तिच्या खोलीत, तिच्या क्रिबमध्ये झोपली होती आणि आसावरी बेडरूममध्ये आडवी झाली होती. इलाला दात येत होते, त्यामुळे तीन दिवस आसावरीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सिद्धेशला तिची दया आली. इलाच्या खोलीतलं रडणं ऐकू यावं म्हणून तिच्या उशाशी ठेवलेल्या मॉनिटरचा आवाज त्याने बंद केला. मी आहेच की खाली, झोपू दे हिला तासभर, एवढाच त्याचा विचार. खाली येऊन तो सोफ्यावर टेकला आणि त्याचाही डोळा लागला. उठला तो आसावरीच्या किंकाळीने.

असं कधीकधी होतं, डॉक्टर म्हणाले. झोपेतच बाळाचा श्वास थांबतो, आवाजही होत नाही, यात कुणाचीच चूक नाही. पोलिसांनी रीतीप्रमाणे प्रश्न विचारले. "मॉनिटर चालू होता," आसावरीने सांगितलं. "मलाच जाग आली नाही." तेच लिहून घेतलं गेलं. पुढे पुण्याहून सिद्धेशच्या आईचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "एवढ्याशा जिवाला वेगळ्या खोलीत ठेवता, आणि आईला जागसुद्धा येत नाही म्हणजे काय?" आसावरी समोरच बसली होती. मॉनिटर आपण बंद केला होता, हे सिद्धेशने आईला सांगितलं नाही. नंतरही कुणाला सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं. चार वर्षं त्याने बायकोच्या नजरेला नजर दिली नव्हती.

आसावरीने फाटक ढकललं. बाबागाडीचा दांडा धरून ती हलकेच झुलवू लागली. तिच्या तोंडून हूं हूं असा आवाज निघाला. तो आवाज सिद्धेशने चार वर्षांत ऐकला नव्हता. बाळाने दोन हुंदके दिले आणि ते शांत झालं.

दार उघडलं. लोकरीचे मोजे घातलेली एक तरुण बाई बाहेर आली. तिच्या हातात छोटासा पांढरा मॉनिटर होता.

"सॉरी, सॉरी," आसावरी इंग्रजीत म्हणाली. "बाळ रडत होतं."

"ऐकलं मी," बाई हसली. "शूज शोधत होते, तोवर तुम्ही निजवलंसुद्धा."

"असं बाहेर ठेवायला तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती कसली? आवाज झाला की यात ऐकू येतोच." बाईने मॉनिटर वर धरून दाखवला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

सिद्धेश मागे वळला आणि रस्त्याला लागला.

स्टेशनवर दोघंच होती. गाडीला नऊ मिनिटं होती. आसावरीने पर्समधून तिखट पुरीचा डबा काढला, त्याच्यापुढे धरला आणि त्याने घेतली नाही तसा परत बंद केला. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. ही उठून चालती झाली तरी चालेल, पण आता हे पोटात ठेवून टेक्सासला परत जायचं नाही.

"आसावरी, त्या दिवशी मॉनिटर..." एवढं बोलला आणि त्याला रडू फुटलं.

तिने त्याचा हात हातात घेतला. किती तरी दिवसांनी घेतला.

"म्यूटवर होता. माहीत आहे मला," ती म्हणाली. "पोलिसांची गाडी दारात थांबली, तेव्हा तू इलाला घेऊन खाली बसला होतास. मीच वर जाऊन आवाज चालू करून आले."