कोंडीबाचं एक वाक्य

पडद्यावर दिल्लीतला पुरस्काराचा सोहळा चालला होता आणि पडद्यापुढं नानासो बोलत होते.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात स्पीकर एकच. नानासोंच्या हातात माइक आला, तसा साउंडवाल्या अमृतनं पडद्याचा आवाज पार बंद केला होता. दिल्लीत माणसं उठत होती, पदक घेत होती, हात जोडत होती. सगळं मुक्यानं.

“जतच्या दुष्काळी मातीचं नाव आज दिल्लीत निघतंय,” नानासो म्हणाले. ते माजी सरपंच. पाठ पडद्याकडं, तोंड गावाकडं. “आपला कोंडीबा आज आपल्यात न्हाई. पन शूटिंगला पान्याचा टँकर कुनी दिला? ह्या नानासोनं दिला!”

“टँकरलाबी बक्षीस द्या म्हनावं,” मागून एक बाई म्हणाली.

कोंडीबाची मुलगी सोनम पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. दोघींच्या मांडीवर सत्काराची शाल आणि नारळ. तिच्या वडिलांनी, दादांनी, ज्यात काम केलं होतं त्या मराठी चित्रपटाचा पुरस्कार आता कोणत्याही क्षणी येणार होता. सकाळीच दिग्दर्शकाचा फोन आला होता. पुरस्कार देण्याआधी चित्रपटाचा छोटा तुकडा दाखवतात, त्यात दादाच आहेत. मेंढरांपुढं उभे राहून एक वाक्य बोलतात.

सोनमला एक वाक्य पुरेसं होतं. गळ्याच्या ऑपरेशननंतर शेवटचे तीन महिने दादा बोललेच नव्हते. तिच्या फोनमध्ये त्यांचे दोनशे फोटो होते; आवाज एकही नव्हता. त्याआधी सांगलीहून ती रोज फोन करायची, ते “बरं हाय” म्हणायचे आणि बंद करायचे. ते रेकॉर्ड करावं असं तिला कधी सुचलंच नव्हतं.

ती उठून अमृतकडं गेली.

“आवाज लाव. दोनच मिनिटं.”

“नानासोंचं हुंदे की, ताई.”

“तोवर होऊन जाईल ते.”

“आवं, ह्यांचा माइक बंद केला तर पुढच्या जत्रेला मला कोन बोलवील? आन उद्या यूट्यूबवर येतंय की समदं.”

“दुपारी दोनपासून आई इथं बसलीय. तिला उद्याचं सांगू?”

अमृतनं मान खाजवली. मग नानासोंकडं बघत मनगटावर बोट आपटलं.

“अमृत म्हनतोय, वेळ झाला,” नानासो म्हणाले. “दोन शब्द बोलतो आन थांबतो.” आणि त्यांनी बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात केली.

तेवढ्यात पडदा उजळला. कोंडीबाचा चेहरा, भिंतीएवढा. डोक्याला मुंडासं, उन्हानं बारीक केलेले डोळे. सोनम तिथंच, मशीनजवळ उभी राहिली. दादांचे ओठ हलले. थांबले. पुन्हा एकदा हलले. आणि चेहरा गेला.

सभागृहात टाळ्या आणि शिट्ट्या उसळल्या. नानासो थबकले. भारावून त्यांनी छातीवर हात ठेवला. “असंच प्रेम ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले आणि आणखी जोरात बोलू लागले.

सोनम जागेवर येऊन बसली. खाली घसरलेली शाल तिनं उचलली, घडी घातली, मोडली, परत घातली. पडद्यावर आता दुसऱ्या कुठल्या चित्रपटातल्या बायका नाचत होत्या.

“बघितलंस ना, आई?”

“व्हय. शूटिंगच्या टायमालाच उतरलं हुतं गं तोंड त्येंचं.” चंद्राबाईंची नजर अजून पडद्यावरच होती.

“काय बोलले ते कळलंच नाही.”

“मला कळलं.”

सोनमनं वळून बघितलं.

“तीन महिनं मी त्येंच्या व्हटाकडं बघूनच तर समदं करत हुते. पानी म्हनले, कूस बदल म्हनले.”

“मग काय म्हणाले?”

“‘गप ऱ्हावा की जरा,’ म्हनले.”

माइकवर नानासो त्र्याऐंशी सालात पोचले होते. चंद्राबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं.

“मेंढरास्नी म्हनले का ह्यास्नी, तेवढं न्हाई कळलं.”