वितळणारा माल

“पप्पा, भर दुपारी आपल्या गोदामात तुम्ही कधी तासभर बसलात का?”

‘विचारून दाखव!’ म्हणून मैत्रिणींनी डिवचलं होतं, तेव्हा उन्नतीने गोदामाच्या दारातच तोफ डागली.

तिच्या पप्पांनी, केसरीनाथशेठांनी, जुन्या पत्र्याच्या त्या गोदामाचा अर्धा भाग चॉकलेटवाल्यांना भाड्याने दिला होता आणि तेवढ्याच पत्र्याला आतून इन्सुलेशन मारून घेतलं होतं. उरलेल्या अर्ध्यात लोखंडी सामान, ते वाहणारे हमाल आणि भट्टीसारखी धग. कालच एक हमाल चक्कर येऊन आडवा झाला होता.

“इकडच्या पत्र्याला पण मारा ना इन्सुलेशन!”

“कशाला? लोखंड वितळतंय काय?”

“आणि माणसं?”

“माणसं पण वितळत न्हाय, बाय!”

जेवणाचा डबा घेऊन आलेली आईसुद्धा फिसकन हसली.

“मग ठरलं तर! मम्मी, तू पण ऐक. माझा वाढदिवस यंदा एसी हॉलमध्ये नाही. इथंच, ह्या लोखंडाच्या बाजूला, दुपारी एक वाजता. आपल्या अख्ख्या कोन गावाला मेसेज गेलेत, आत्या-मामा सगळे येतायत. केक तेवढा चॉकलेटच्या बाजूला ठेवू. तो वितळतो.”