दोन मिनिटं

घरपोच सामान पोचवणाऱ्या त्याच्या कंपनीसमोर दुसऱ्या ऑनलाइन कंपन्यांनी डोकं वर काढलं, तेव्हा साहेबांना तोड त्यानेच सुचवली होती. दारावरची बेल वाजवायची नाही, पार्सल उंबऱ्याशी ठेवून पुढे निघायचं. प्रत्येक घरामागे दोन मिनिटं वाचली आणि साहेबांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली.

महिन्याभराने सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांची यादी त्याच्यासमोर आली. त्यात चक्क आईचं नाव! बाबा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच राहायची. त्याने लगेच फोन लावला.

"काय गं आई, पोटचा पोरगा या कंपनीत आणि तू मागवतेस दुसऱ्यांकडून? घरातच फितुरी?"

आई नुसतीच हसली.

"आणि आमच्याकडूनही मागवायचीस काय, तर दोन दिवसांआड दोऱ्याचं एक रीळ! सुईत दोरा ओवायला दिसतं तरी का तुला आता?"

"नाही रे दिसत, बाळा."

"मग?"

जणू आपलीच काही चूक झाली असावी, अशा आवाजात ती म्हणाली,



"त्यांचा माणूस बेल वाजवतो रे. मी दार उघडेपर्यंत थांबतो."