मागचं बटण

सकाळी साडेनऊला नाट्यगृहाचा रंगमंच झाडून झाला, सतरंजी अंथरली गेली आणि वाद्यवृंदाची ध्वनिचाचणी सुरू झाली. अनघाने बास गिटारची जाड तार छेडताच स्पीकरमधून फाटका, खरखरीत आवाज आला.

"बोटं आहेत की हातोडे, ताई?" मिक्सरवर बसलेल्या नेमाण्यांनी विचारलं. तिने अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज उतरवला, तरी फाटणं तसंच राहिलं. नेमाणे संचालकांकडे वळले. "माझी केबल ठणठणीत आहे, खोपकर. हिला घरी पाठवा."

खोपकरांनी घड्याळ पाहिलं. "अनघा, दोष तुझा निघाला, तर आजचा बास कीबोर्डवर वाजेल."

नेमाण्यांनी धुसफुसत केबल बदलायला घेतली. तोवर अनघा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकली होती. तिथून थेट मिक्सरकडे जाणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारं छोटं बटण रविवारी रेकॉर्डिंगसाठी तिनेच 'लाइन'वर, म्हणजे जास्त जोराच्या पातळीवर, नेलं होतं. मिक्सरवरच्या माइकसाठीच्या जोडणीला एवढा जोर सोसत नव्हता, आणि अ‍ॅम्प्लिफायरचं पुढचं आवाजाचं बटण फिरवून तो कमी होणारही नव्हता. तिने नखाने ते 'माइक'वर सरकवलं.

आता आवाज स्वच्छ आला. नेमाण्यांनी जुनी केबल भंगाराच्या खोक्यात फेकली. "नऊ वर्षं वापरली, आज लाज काढली," ते पुटपुटले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

अनघाने गिटार खाली ठेवली. खोक्यातली केबल काढून तिने नीट गुंडाळली, नेमाण्यांच्या मिक्सरवर ठेवली, "ही चांगली आहे," एवढंच म्हणाली आणि खोपकरांना खरं सांगायला गेली.