बहराच्या वर्षी

भाचीच्या वाढदिवसाला आइस्क्रीमचा केक आणला. मेणबत्त्या लावेपर्यंत त्याचं पाणी झालं.

लिफ्टच्या दाराला कान लावला, की बिघाड कुठल्या मजल्यावर आहे ते नवऱ्याला कळतं.

गवताचा डाग व्हिनेगरने जातो. चिखलाचा आधी वाळू द्यावा लागतो.

तिच्या लाँड्रीतला भागीदार असा हसायचा, की रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. तो कायमचा परदेशी निघाला, तेव्हा त्याची जड बॅग तिच्या नवऱ्यानेच टॅक्सीत ठेवली.

हत्यारांच्या पेटीत, स्क्रूच्या डबीत, वाळलेलं निळं फूल.

या सगळ्यातलं शेवटचंच तेवढं तिच्या मनात रुतून बसलं होतं.

असलं फूल एकाच पठारावर येतं. सात वर्षांनी एकदा, पावसाळा सरताना. आणि नवरा तर म्हणत आला होता, की तो तिथे कधी गेलेलाच नाही. घरच्या हिशोबाने मागच्या बहराच्या वेळी तो कंपनीच्या ट्रेनिंगला होता, ती धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला, या भाचीच्या वेळी. घराला कुलूप होतं.

म्हणून या वर्षी तिनेच टूम काढली. फुलं बघायला जाऊ या.

"तुला कधीपासून फुलांचं वेड?" त्याने विचारलं.

"आयुष्यभर लोकांच्या चादरींवरचीच बघितली. खरी बघू दे की जरा."

तो हसला आणि हो म्हणाला. राहायचं मी बघतो, म्हणाला.

तिने बॅगेत चार कपडे जास्तीचे भरले. तिथे जाऊनही तो खोटं बोलला, तर ती घरी परतणार नव्हती. तिथून परस्पर बहिणीकडे जाणार होती.

फाट्यावर पाटीचा बाण डावीकडे होता. त्याने गाडी उजवीकडे घातली.

"अरे, पाटी डावीकडे दाखवतेय."

"तिकडून गर्दी असेल."

पठाराखाली राहायच्या जागा पैशाला पासरी. त्याने गाडी उभी केली ती नेमकी एका जुन्या विश्रामगृहापुढे, मोठ्या झाडाखाली. ती लगेच उतरली नाही.

तिथलं सगळं बघणाऱ्या मावशी चष्मा पुसत बाहेर आल्या. "पाहिल्यासारखं वाटतंय बाई तुम्हाला."

"याचा चेहराच तसा आहे, मावशी," ती चटकन म्हणाली. "कुठल्याही रांगेत उभं राहा, असा एक सापडतोच."

मावशी खळखळून हसल्या. तो नाही हसला. त्याने दोन्ही बॅगा उचलल्या आणि मागच्या खोलीकडे निघाला. दगडी पायऱ्या अरुंद होत्या. बॅगांमुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. तरी दुसऱ्या पायरीवरून त्याने लांब ढांग टाकली ती थेट चौथीवर. ती त्याच्या मागोमाग चढली, त्याच्याच पावलांवर पाऊल टाकत.

पठार निळं झालं होतं. आभाळ सांडल्यासारखं, असं कुणीतरी शेजारी म्हणालं. लोक फुलांत बसून, लोळून फोटो काढत होते. नवरा खाली बघत चालत होता, काही हरवल्यासारखा.

"कशी आहेत?" तिने विचारलं.

"असतात तशीच."

"असतात तशी म्हणजे? तू कधी पाहिलीस?"

तो वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

खोलीवर परत आल्यावर तिने दार लावलं. रुमालाची गाठ सोडून वाळलेलं फूल टेबलावर ठेवलं.

"हे काय आहे?"

तो फुलाकडे बघत राहिला. बंद पडलेल्या लिफ्टजवळ उभा राहतो तसा, ऐकत.

"सापडलं तर," तो म्हणाला.

"कोणाबरोबर आला होतास?"

"एकटा."

"मला काय दुधखुळी समजतोस? एकटा माणूस एवढ्या लांब फुलं बघायला येतो?"

"फुलं बघायला नव्हतो आलो."

"तेच म्हणतेय मी!" तिचा आवाज फाटला. "पाटी न बघता वळलास. इथे आणून उभं केलंस. त्या मावशींनीसुद्धा ओळखलं. आणि ती तिसरी पायरी! हातांत बॅगा, खालचं काही दिसत नाही, तरी बरोबर ओलांडलीस. हलते ती. तुला माहीत होतं. मी त्या दुकानात वाफा खात घर उभं केलं, हाडांची काडं केली, आणि तू माझ्या पाठीमागे..."

ती पलंगाच्या कडेवर बसली. डोळे पुसायला तिने तोच रुमाल घेतला.

त्याने तिला रडू दिलं. मग खुर्ची ओढून तो समोर बसला.

"त्या पायरीवर मी पाय ठेवला होता," तो म्हणाला. "ती वाजली. खोलीतलं ते मोठ्ठं हसणं एकदम थांबलं. दार वाजवायचं ठरवून आलो होतो, पण हात उचललाच नाही. परत फिरलो. गाडीत बसताना बघतो, तर बुटाला हे फूल चिकटलेलं."

तिचा रुमाल डोळ्यांपाशीच राहिला.

"फेकून का नाही दिलंस?" तिने विचारलं.

"वाटलं, कधीतरी तू विचारशील."

बाहेर मावशी कुणाला तरी चहाचं विचारत होत्या.

"आता मी एक विचारू?" तो म्हणाला. "आज त्या पायरीवर मी पाय ठेवला नाही. तूही नाही ठेवलास. मग ती हलते, हे तुला कोणी सांगितलं?"

भाची जन्मली ती भर उन्हाळ्यात.