दिवसभराचा गुलाब

आमच्या डायपर कंपनीच्या साहेबांनी मी बनवलेल्या नव्या सुगंधाची कागदी पट्टी हुंगली, पुन्हा हुंगली आणि माझ्यावर उखडले. "अहो, सकाळी पट्टीवर घातलेला सुगंध दुपारपर्यंत उडाला! म्हाताऱ्यांच्या डायपरला हा काय कामाचा? तुमचा आधीचा गुलाब कसा दिवसभर दरवळायचा!" "म्हणूनच बदलला," मी म्हणाले. "काल वृद्धाश्रमात आईला भेटायला गेले. खोलीत आपल्याच गुलाबाचा घमघमाट. तिथली आया मला कौतुकाने सांगते, 'ताई, तुमचा डायपर फार गुणाचा. घाणीचा वास येत नाही, दिवसातून एकदा बदलला तरी भागतं.' मी पांघरूण उचललं. आईची कंबरेखालची कातडी सोलून निघालीय, साहेब!" साहेबांनी पट्टी खाली ठेवली. "वाईट झालं हो. पण हा बाजारात आणला तर दुपारीच खोलीभर वास सुटेल." "सुटू द्या की! आईची वाचा गेलीय. कोणाला हाक मारायची तर तिच्याकडे आता तेवढा वासच उरलाय."